कात्री कोणाच्या हाती?

गेल्या वर्षी आमच्या सिल्वासातील एका देवस्थानाच्या वार्षिक उत्सवाचे चित्रण करण्यात आले. चार कॅमेरे आणि वरून टिपणारा एक ड्रोन असा सारा सरंजाम होता. खर्चाचा आकडा सभेत वाचून दाखविला तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. देवाच्या कार्यात हात आखडता घेऊ नये ही आपली जुनी रीत. महिन्याभराने तयार झालेला चित्रपट सभामंडपात दाखविला गेला. पालखीवर एका हिंदी सिनेमाचे गाणे घातलेले, पुरोहितांचा मंत्रघोष त्याखाली पार बुडालेला, एका उदार देणगीदाराचे मुख चौदा वेळा आणि गाभाऱ्यातील मूर्ती अवघी दोन वेळा! प्रस्तुत लेखकाच्या शेजारी एक वृद्ध कोकणी बाई बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारले, "आमचो देव खंय गेलो?"

बाईंच्या त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहो. देव कोठेही गेला नव्हता. कॅमेऱ्यांनी त्याला उत्तम टिपले होते. मूळ चित्रण आम्ही मागाहून पाहिले आहे. देव हरवला तो चित्रणाच्या जोडणीत. चारही कॅमेरेवाल्यांना भरघोस मोबदला मिळाला. जोडणीचे काम मात्र "एवढे तू करून टाक" म्हणून एका पोराच्या गळ्यात मारण्यात आले. पोरगा गुणी आहे. दिवसा तो येथील एका सूतगिरणीत पॉलिएस्टरच्या धाग्यावर पाळी करतो आणि रात्री संगणकापुढे बसतो. कोठल्याशा सहा आठवड्यांच्या वर्गात त्याला कोणती कळ दाबली असता काय होते हे शिकविले आहे. कोणते दृश्य ठेवावे व कोणते टाकावे, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. दोष त्याचा नव्हे. फुले आणली म्हणजे हार झाला असे मानणाऱ्या आम्हा मंडळींचा तो दोष आहे.

संकलन ही सिनेमावाल्यांनी विलायतेहून आणलेली चैन आहे, अशी काही धार्मिक गृहस्थांची समजूत दिसते. त्यांस आम्ही नम्रपणे पैठणची आठवण देतो. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांच्या नकलांत जे अपपाठ शिरले होते ते त्यांनी काढले, पाठ पडताळले, आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये अशी स्पष्ट ताकीदही दिली. ज्यांची स्वतःची ओवी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावताना आपली ओवी बाहेर ठेवली! संकलकाचा पहिला धडा याहून निराळा नाही. आमच्या पोराने पालखीवर सिनेमाचे गाणे घातले, ती त्याची स्वतःची ओवी होती.

दुसरे उदाहरण तर सिल्वासाच्या रक्ताच्या नात्यातले. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात भाग घेणाऱ्यांत संगीतकार सुधीर फडके होते, हे येथील शाळकरी मुलांसही ठाऊक असावयास हवे. याच बाबूजींनी पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांना स्वर देऊन पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण ऐकविण्यास आरंभ केला. वाल्मीकींचे चोवीस हजार श्लोक, आणि वर्षभरात गीते झाली छप्पन्न. काय घ्यावे याहून काय सोडावे याचा निर्णय तेथे किती कठोर असला पाहिजे! कथा कोणाच्या मुखी द्यावी, कोठे वेगाने न्यावी, कोठे थांबवावी, हा सारा विवेक म्हणजेच संकलन होय. चित्रपटाच्या टेबलावर तो करावा लागतो एवढाच काय तो फरक.

आता या कामाची अवघडता थोडी खोलात जाऊन पाहू; कारण "आता सर्व यंत्रच करते" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा वीट आला.

तीन तासांचा सोहळा चार कॅमेऱ्यांनी टिपला म्हणजे बारा तासांचे चित्रण झाले. ते नुसते एकदा पाहावयाचे तर दीड दिवस जातो, आणि पाहताना प्रत्येक तुकड्याची नोंद केली नाही तर पाहिले न पाहिले सारखेच. मग चारही कॅमेरे एका वेळेवर आणावयाचे. सेकंदाला पंचवीस चित्रे असतात. पाच-सात चित्रांचा फरक पडला तरी झांज हातात आपटण्याआधी वाजते. म्हणूनच सिनेमात दृश्याच्या आरंभी पाटी आपटतात. ज्या चित्रात पाटी मिटते आणि जेथे तिचा आवाज येतो, ती दोन टोके जुळवली की ध्वनी आणि चित्र एकत्र चालतात. आमच्या उत्सवात अशी खूण कोणी केली नव्हती. एकदा टाळी वाजविण्याची अक्कल आम्हांस सुचली नाही, याची शिक्षा त्या पोराने कित्येक रात्री भोगली.

याहून नाजूक गोष्ट दिशेची. पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते. बाहेर उभा राहून देवळाकडे पाहणाऱ्याला ती उजवीकडून डावीकडे जाताना दिसते. देवळाच्या पायरीवर उभा राहून बाहेर पाहणाऱ्याला तीच पालखी डावीकडून उजवीकडे जाते. दोघांचेही खरे. परंतु ही दोन चित्रे एकामागे एक जोडली की पडद्यावर पालखी अर्ध्या वाटेतून उलट फिरल्यासारखी दिसते, म्हणजे प्रदक्षिणेची अप्रदक्षिणा होते! आमच्या चित्रपटात हे सहा वेळा झाले. जाणता संकलक मध्ये अब्दागिरी, भोयांची पावले किंवा एखाद्या बालकाचे वर पाहणारे मुख घालतो आणि मगच दिशा बदलतो. प्रेक्षकाला काही कळत नाही. फक्त भोवळ येत नाही. शंखनाद आधी ऐकू यावा आणि गाभाऱ्याचे दार मागून उघडावे, ही युक्तीही त्याच जातीची. कीर्तनकार पूर्वरंगातून आख्यानात शिरतो तेव्हा श्रोत्याला उंबरठा लागत नाही, तसेच हे.

आणि जोडणी नुसती क्रम लावीत नाही, ती अर्थ घडविते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशॉव यांनी एका नटाचे एकच निर्विकार मुख वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखविले, आणि प्रेक्षकांना त्याच मुखावर कधी भूक दिसली, कधी शोक. देणगीदाराचे चौदा वेळा आलेले मुख म्हणूनच निरुपद्रवी नव्हे. अभिषेकाच्या दुधाच्या धारेनंतर तेच मुख आले की अभिषेक कोणावर होत आहे, असा प्रश्न पडतो. त्या सद्गृहस्थांचा यात काही अपराध नाही. त्यांनाही संकोच झाल्याचे आम्हास दिसले.

परंतु उत्सव पुढल्या वर्षी पुन्हा येतो. जे पुन्हा येणार नाही त्याविषयी आम्हास अधिक बोलावयाचे आहे.

मुक्तीला पन्नास वर्षे झाली त्या वेळी, २००४ साली, प्रस्तुत लेखकाने शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या आठवणी तीन कॅसेटींवर टिपून घेतल्या. १९५४ मध्ये ते चौदा वर्षांचे होते. पावसातला तो ऑगस्ट, बंद दारे, रस्त्यावरचा चिखल, दमणगंगेचा आवाज, सारे ते मराठीत सांगत, मध्येच कोकणीत शिरत. एके ठिकाणी त्यांना वडिलांविषयी विचारले. ते थांबले. जवळजवळ पाऊण मिनिट काही बोलले नाहीत, अंगरख्याची गुंडी तेवढी फिरवीत राहिले. नंतर म्हणाले, "ते त्या दिवशी रडले. का रडले ते मला कधी विचारता आले नाही." आज ते गृहस्थ हयात नाहीत.

गेल्या वर्षी ही एक कॅसेट संगणकावर उतरवून घेऊन आम्ही त्याच मुलाकडे दिली. दोन दिवसांत त्याने ती "नीट" करून आणली. त्याच्या संगणकात एक सोय आहे: बोलण्यातली शांतता यंत्र आपोआप शोधते आणि कापून टाकते. वर्गात त्याला शिकविले होते की शांतता म्हणजे मेलेली जागा. पाऊण मिनिट गेले, गुंडी गेली. राहिले ते वाक्य, आणि त्याच्याखाली ढोल. प्रश्नाला लागून उत्तर येते, जणू वृद्धाने ते पाठ करून ठेवले होते. साक्षीतला एकही शब्द न बदलता सारी साक्ष खोटी झाली.

यंत्र सर्व करते, ते असे करते. शांततेची लांबी ते मोजू शकते. ती शांतता कशाची आहे हे ओळखावयास शेजारी बसून ऐकलेला माणूस लागतो. आणि ते ओळखण्याची सवय सहा आठवड्यांत लागत नाही.

सिल्वासाच्या माणसाला तरी तपशील गाळण्याचे मोल समजावून सांगावे लागू नये. या भूमीचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तेव्हा १७७९ चा तह आणि मराठी राज्याच्या १७८३ व १७८५ च्या आज्ञापत्रांचा नेमका अर्थ काय, यावर मोठा खल झाला. पोर्तुगालला मिळाले ते सार्वभौमत्व, की केवळ बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाचा सरंजाम? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मराठ्यांनी दिला तो उत्पन्नाचाच हक्क. पुढे इंग्रजांनी पोर्तुगालची सत्ता मानली, हेही त्याच निकालात आहे. आपल्याला गोड तेवढेच सांगून उरलेले कापणे हेही वाईट संकलनच.

आता आक्षेप. पहिला पैशाचा. ड्रोनला पैसा होता. तेव्हा हा आक्षेप आम्ही विचारात घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. आमची मुले कारखान्यांत पाळ्या करतात, त्यांना हे शिकण्यास वेळ कोठून, आणि शिकून पोट भरेल काय? याचे उत्तर सोपे नाही. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० साली सरकारी चित्रपट-संस्था निघाली, तेथे संकलन हा स्वतंत्र विषय असून त्याला तीन वर्षे द्यावी लागतात. पदवी लागते, प्रवेशाची परीक्षा लागते. प्रत्येकाला ते साधणार नाही. तथापि या धंद्यात दुसरी वाट पूर्वीपासून आहे. ती म्हणजे जाणत्या संकलकाच्या हाताखाली बसण्याची. आधी नोंदी करावयाच्या, तुकडे लावून ठेवावयाचे, गुरू कोठे कापतो आणि का कापतो हे पाहावयाचे, आणि आपली पहिली जोडणी त्याने मोडलेली सोसावयाची. आमच्या वादकांनी सनई अशीच शिकली. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपट केला होता, त्यात ते फिल्म हातात धरून कामाला बसलेले दिसतात. त्यांनी तर ही विद्या बहुतांशी स्वतःच्या हातांनीच कमावली. वेळेविषयी म्हणाल तर अमेरिकेतील वॉल्टर मर्च हे 'अपोकॅलिप्स नाउ' या १९७९ च्या चित्रपटाच्या संकलकांपैकी एक. त्यांनी हिशेब लिहून ठेवला आहे: चित्रण सुमारे २३० तासांचे, आणि दर संकलकामागे दर दिवसाचे सरासरी जोड दीडसुद्धा नाहीत. उरलेला दिवस जोडून पाहण्यात, मोडण्यात आणि पुन्हा पाहण्यात गेला. आमच्या पोराकडून आम्ही एका रात्रीत दोनशे मागितले होते.

पोटाविषयी एवढेच की तो मुलगा धाग्याच्या कामात मुरला आहे. धागा तुटला की तो बोटांनी टोके शोधतो, जोडतो, आणि जोड हाताला लागत नाही. अशा हाताला दुसरी विद्या परकी वाटणार नाही. मुंबई वापीहून रेल्वेने काही तासांवर आहे.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक ठराव मांडणार आहो. पुढील उत्सवात कॅमेरे चारांऐवजी दोन असावेत, ड्रोन नसावा. वाचलेल्या रकमेतून दोन तरुणांस, त्यांत एक मुलगी असावी असा आमचा आग्रह राहील, वर्षभर एखाद्या कामकरी संकलकाकडे ठेवावे आणि त्यांची बुडणारी मजुरी देवस्थानाने भरून द्यावी. सरावासाठी त्यांना उत्सवाचे मूळ चित्रण द्यावे. ते बिघडले तरी मूळ शाबूत राहील, कारण आजचे संकलन मूळ फीत कापीत नाही. मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. पुण्यात २००३ च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तेव्हा काय गेले ते पैसे देऊन परत मिळालेले नाही. आणि गावातील ज्या ज्या घरी वडीलधाऱ्यांचे बोलणे टिपलेले असेल, त्यांनी ते यादीत नोंदवावे.

ठरावाला विरोध होईल, हे आम्ही जाणून आहो. ड्रोनमधून देऊळ फार सुंदर दिसते असे चिटणीसांचे मत आहे, आणि ते खरेही आहे.

उरलेल्या दोन कॅसेटी अजून प्रस्तुत लेखकाच्या कपाटात आहेत. त्या ज्या यंत्रावर चालतात ते यंत्र आता दुकानात मिळत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांकडे वापीस एक आहे आणि ते अजून चालते. मुलाला आम्ही पहिली कॅसेट पुन्हा दिली आहे. या खेपेस संगणक बंद ठेवून ती आधी तीनदा नुसती ऐकावयास सांगितले. परवा तो आला, आणि त्याने विचारले, "काका, त्या गुंडीच्या ठिकाणी ते किती वेळ गप्प होते हो?"