बेससाठी पेट्या दोनच बऱ्या

पिंपरी-चिंचवडमधल्या ताथवड्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आणि गृहसंकुले शेजारीशेजारी आहेत. इथल्या बेसवादकाचा सराव फ्लॅटमध्ये होतो आणि वादन गॅदरिंगच्या मंचावर. त्याने अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला कॉम्बो न घेता हेड (म्हणजे नुसता अँप) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळे घ्यावे, पण छोटे, असे माझे मत आहे. १९६९ साली आलेले अँपेग एसव्हीटीचे ३०० वॅटचे व्हॉल्व्ह हेड एकट्याने उचलणे जिकिरीचे होते. आज क्लास-डी तंत्रामुळे तेवढ्या ताकदीचे हेड पाठपिशवीत मावते. घरी ८ ओहमची, बारा इंची स्पीकरची एक कॅबिनेट पुरते. मोठ्या कार्यक्रमाला तशीच दुसरी जोडली की एकूण भार ४ ओहम होतो आणि हेड जास्त ताकद देते. शिवाय बिघाड झाला तर अख्खी पेटी दुकानात न्यावी लागत नाही.

कॉम्बो स्वस्त पडतो, वायरींची कटकट नसते, हे खरे. बेस पुढे वाजवणार की नाही हेच ज्याचे ठरलेले नाही, त्याने तो खुशाल घ्यावा. मंचावर अँपच्या डीआय (डायरेक्ट) आउटपुटमधून आवाज थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जातो, मग कॅबिनेट हवीच कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण तो कॉम्बोलाही लागू पडतो. उलट क्लास-डीचे हेड अशा वेळी एकटे नेले तरी भागते. व्हॉल्व्हचे हेड मात्र कॅबिनेटशिवाय चालवू नये.