घडी घातलेला कर्णा

गेल्या अंकात या सदरात तंबोऱ्याच्या जवारीविषयी लिहिले होते. त्यावर काही वाचकांनी विचारले आहे की, मैफलीत अंगभर भिनणारा खर्ज घरी रेकॉर्ड लावली की इतका क्षीण का होतो? आणि हौशी माणसाला त्यावर घरच्या घरी काही उपाय करता येईल काय? प्रश्न दोन असले तरी उत्तर एकाच वस्तूत सापडते. ती वस्तू म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात उभा करावयाचा, घडी घातलेला लाकडी कर्णा.

कर्णा आपणांस नवा नाही. तुतारी, शिंग, जुन्या ग्रामोफोनचे फुलासारखे उमललेले तोंड, ही सारी एकाच कुळातील. स्पीकरचा कागदी पडदा हलतो तेव्हा त्याच्यापुढे असते ती विरळ हवा. रिकामी मोट ओढणाऱ्या बैलासारखी त्याची गत होते: बळ आहे, पण ते लावावयास ओझेच नाही. पडद्यापुढे अरुंद घसा ठेवला की कोंडलेल्या हवेचा भार त्याला जाणवू लागतो. मग तो मार्ग हळूहळू रुंदावत नेला म्हणजे तेच कंपन खोलीतील विस्तीर्ण हवेच्या स्वाधीन होते. कर्णा आवाज निर्माण करीत नाही; निर्माण झालेला आवाज वाया जाऊ देत नाही.

हे रुंदावणे मात्र मनमानी नसते, आणि खर्जाची खरी अडचण येथेच आहे. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे या एका लाटेची लांबी जवळजवळ ५ मीटर झाली. आपल्यापैकी पुष्कळांच्या बैठकीच्या खोल्याही तेवढ्या लांब नसतात. सेकंदाला ४० कंपनांपर्यंत खाली उतरावयाचे ठरविले, तर कर्ण्याच्या मार्गाचे क्षेत्रफळ दर ४७ सेंटिमीटरला दुप्पट व्हावे लागते आणि त्याच्या तोंडाचा परीघ एका लाटेएवढा, म्हणजे साडेआठ मीटरच्या वर असावा लागतो. असे तोंड पावणेतीन मीटर व्यासाचे होईल. ते बसविल्यावर घरात माणसांनी कोठे बसावे, हा प्रश्नच उरतो!

या अडचणीतून वाट काढणारे एक नाव म्हणजे पॉल विल्बर क्लिप्श. १९०४ साली जन्मलेल्या या अमेरिकन अभियंत्याने उमेदीची काही वर्षे चिली देशात विजेच्या आगगाड्यांची निगा राखण्यात घालविली आणि पुढे भूगर्भसंशोधनाचे काम केले. खर्जाचा कर्णा लहान जागेत कसा बसवावा, यावरील त्यांचा निबंध १९४१ साली अमेरिकेतील ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९४३ साली त्यांना पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या नोकरीनिमित्त ते आर्कान्सा राज्यातील होप या गावी आले आणि तेथेच १९४६ साली त्यांनी आपला उद्योग थाटला. होप म्हणजे आशा. सुरुवातीच्या दिवसांत ते हे कर्णे जवळजवळ एकहातीच करीत असत.

त्यांची युक्ती दोन पदरी होती. पहिली, घडी. खर्जाची लाट इतकी लांब असते की, अरुंद मार्गातील वळणे तिला जाणवतही नाहीत. म्हणून अडीच मीटरच्या आसपासचा मार्ग पुढे, मागे, वर, खाली असा वळवून सुमारे १३० सेंटिमीटर उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद पेटीत बसविता येतो. गणेशोत्सवाच्या मांडवावरील भोंग्यातही मार्ग असाच उलटसुलट दुमडलेला असतो. दुसरी युक्ती कोपऱ्याची. जमिनीने आवाजाची अर्धी दिशा अडविली, एका भिंतीने उरलेल्यातील अर्धी आणि दुसऱ्या भिंतीने पुन्हा अर्धी. आठांपैकी एकच हिस्सा मोकळा राहिला, म्हणून कर्ण्याचे तोंडही आठव्या हिश्शाएवढे पुरते: पावणेसहा चौरस मीटरच्या जागी पाऊण चौरस मीटरहून थोडे कमीच. कर्ण्याचा शेवटचा भाग तर पेटीत नसतोच. पेटीची बाजू आणि घराची भिंत यांमधील फटीतून आवाज बाहेर येतो. घर हेच वाद्याचे अंग बनते.

घरी असा कर्णा करणाऱ्याने प्रथम हेच ध्यानात घ्यावे. करवत हाती घेण्यापूर्वी कोपऱ्याला गुण्या लावून पाहावा. भिंती काटकोनात असाव्यात, दोहोंकडे मीटर-सव्वा मीटर तरी सलग असाव्यात. मध्ये दार, खिडकी किंवा कोनाडा नको. इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती यास उत्तम. पातळ फळ्यांचा पडदा मात्र स्वतःच थरथरून खर्ज गिळून टाकतो. लाकूड १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड असावे. फळ्या तिरकस कापाव्या लागतात, आणि निष्णात सुताराचीही खरी परीक्षा तेथेच होते. प्रत्येक सांध्यात सरस भरून स्क्रू जवळजवळ मारावेत. पडद्यामागील कप्पा पूर्णपणे हवाबंद हवा. सुईएवढी फटही सूं सूं करून आपले अस्तित्व कळविते. पेटी भिंतीला जेथे टेकते तेथे नमद्याची पट्टी लावावी.

वळणाचा मार्ग खर्जाला चालतो, वरच्या स्वरांना नाही. आखूड लाटा वळणावळणांवर धडकून विस्कटतात. म्हणून साधारणतः ४०० ते ५०० कंपनांच्या वरचा आवाज निराळ्या, सरळ आणि लहान कर्ण्याकडे सोपवावा लागतो.

एवढ्या खटाटोपाचे फळ काय? साध्या बंद पेटीला ज्या आवाजासाठी ३० वॅट लागतील, तेथे चांगला कर्णा एखाद्या वॅटवर काम भागवितो. व्हॉल्व्हचे अँप्लिफायर जेमतेम काही वॅट देत, त्या काळी हे वरदानच होते. आज वॅट स्वस्त झाले आहेत. तरीही दुसरा लाभ उरतोच. पडदा थोडा हलतो, म्हणून आवाजातील विकृती कमी होते.

किंमतही तशीच आहे. कोपरा कायमचा जातो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ तबकड्या आल्या आणि एका कोपऱ्याच्या जागी दोन लागू लागले. खोलीच्या लांब भिंतीची दोन्ही टोके मोकळी असलेली घरे किती? तेथे आजीची खाट असते, देव्हारा असतो, शिलाईचे यंत्र असते. यंत्रशास्त्राला हे अडथळे वाटतील. घराला ते घर वाटते. या दोहोंत निवड करावयाची झाली तर कर्ण्याने माघार घ्यावी, असे मी निःसंकोच म्हणेन.

परंतु तडजोडीला जागा आहे, आणि ती आपल्याच संगीताने करून दिली आहे. ४० कंपनांचा आग्रह ऑर्गनच्या आणि पाश्चात्य वाद्यवृंदाच्या शौकिनांचा. आपला तंबोऱ्याचा खर्ज ६९ वर थांबतो. मर्यादा ६० वर ठेवून मी आकडेमोड केली. घसा २५० चौरस सेंटिमीटरचा धरला तर मार्गाची लांबी सुमारे २३० सेंटिमीटरवरून ११७ वर येते आणि तोंड निम्म्याहून लहान होते. एवढी पेटी एका तिकाटण्याच्या जागेत मावेल. परदेशी नकाशा हुबेहूब उतरविण्यापेक्षा आपण काय ऐकतो, हे आधी ठरवून माप काढणे शहाणपणाचे.

आणि तेही करण्यापूर्वी एक बिनखर्ची प्रयोग करावा. घरातील स्पीकर खोलीच्या मध्यावर स्टुलावर ठेवून तंबोऱ्याची साथ स्पष्ट असलेली एखादी विलंबित चीज ऐकावी. मग तोच स्पीकर कोपऱ्यात जमिनीवर ठेवून तीच चीज पुन्हा ऐकावी. खर्ज भरून आलेला सर्वांच्याच कानांना कळेल. त्या वेळी घरातील मंडळींना जवळ बसवावे. कोपरा त्यांचाही आहे. तो द्यावयाचा की नाही, हे त्यांनीच ऐकून ठरवावे.