वरातीमागून घोडे

ब्रिटनच्या वनांत ॲश वृक्षांचा जो संहार चालू आहे, तो निसर्गाचा कोप म्हणून सोडून देता येणार नाही. या रोगाची बुरशी मूळची पूर्व आशियातील. तेथील ॲशच्या जाती तिच्या सहवासात बहुतांशी सुखरूप नांदतात. युरोपातील ॲशला मात्र तिचा पूर्वपरिचय नाही. १९९२ साली पोलंडमध्ये रोगट झाडे आढळली. बुरशीची ओळख पटण्यास २००६ साल उजाडले. तोवर रोग अनेक देशांत पोहोचला होता.

असे असताही ब्रिटनची रोपांची आयात चालूच राहिली. ज्या भूमीत ॲशचे बी आपोआप रुजते, तिने त्याची रोपे परदेशांतून आणावीत, यास काय म्हणावे? २०१२ च्या आरंभी आयात रोपांत रोग सापडला; बंदी आली ती ऑक्टोबरअखेर, म्हणजे पूर्व इंग्लंडच्या रानांत तो दिसू लागल्यावर! गळलेल्या देठांवर उन्हाळ्यात उगवणाऱ्या या बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर दूरवर जातात. काही बीजाणू समुद्र ओलांडून आले असतील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वारा अडविता येत नाही म्हणून बंदराचे दार उघडे ठेवावे, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही.

हानी एकट्या ॲशची नाही. त्याच्या विरळ सावलीत रानफुले फुलतात. त्याची पाने लवकर कुजून माती सकस करतात. सुमारे ९५० जातींचे जीव त्याच्या आश्रयाने राहतात, आणि त्यांतील ४५ च्या आसपास जातींना दुसरा आश्रयच नाही. त्याच्या जागी दाट सावलीचे बीच वाढले, तर रानाचा तळच पालटेल. या रोगापायी ब्रिटनला १५ अब्ज पौंडांचा भुर्दंड पडेल, असा अंदाज २०१९ साली तज्ज्ञांनी वर्तविला. जिवंत रोपांच्या वार्षिक व्यापाराच्या मूल्याच्या ही रक्कम सुमारे पन्नास पट आहे!

सरे परगण्यातील एका रानात ॲशच्या नव्या पिढीत रोगप्रतिकारशक्ती वाढत असल्याचे २०२५ साली संशोधकांनी दाखविले. ही आशा खरी, परंतु ती फळण्यास दशके लागतील. तोवर तग धरलेली झाडे सरसकट तोडू नयेत, हे शहाणपणाचे. आणि रोपांच्या व्यापाराबाबत धोरण असे असावे, की निर्धोकपणा सिद्ध झाल्यावाचून प्रवेश नाही. नफा व्यापाऱ्याच्या पदरात आणि तोटा रानाच्या माथी, हा हिशेब यापुढे चालू देता कामा नये.