अंगठा म्हणजे संमती नव्हे

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी २०१९ साली झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. यातल्या किती जणींना आधी औषधाने बरे होता येईल का, हे कुणी सांगितले होते? कागदावर सही-अंगठा मात्र असेलच!

माझ्याकडे आलेल्या एका अशील बाईचे असेच संमतीपत्र मी पाहिले. छापील इंग्रजी मजकूर, शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी, खाली डाव्या हाताचा अंगठा. नवरा म्हणाला, "वकीलसाहेब, डॉक्टर म्हणाले सही करा, आम्ही केली."

कायदा याला संमती मानत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिलेल्या महिलेचे गर्भाशय ती भुलीखाली असताना, बाहेर बसलेल्या आईला विचारून काढले गेले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाऐवजी आईची संमती चालत नाही, असे न्यायालयाने ठणकावले. उपचार काय, पर्याय कोणते, धोका किती, नकार दिल्यास काय होईल, हे सांगणे डॉक्टरवर बंधनकारक ठरले.

मात्र याच निकालातील एक गोष्ट मला पटत नाही. बहुसंख्य रुग्ण गरीब व अल्पशिक्षित, त्यांना वैद्यकीय भाषा कळत नाही, म्हणून अमेरिकेचे कडक माप न्यायालयाने नाकारले आणि इंग्लंडचे सैल माप घेतले. खुद्द इंग्लंडने ते २०१५ साली माँटगोमेरी खटल्यात सोडून दिले. अडाणी माणसाला कमी सांगायचे की जास्त समजावून सांगायचे? निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने मिळून घ्यायचा असतो, आणि शरीर रुग्णाचे असते.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर थकलेले असतात, हे मान्य. पण गर्भाशय काढायला वेळ आहे आणि ते का काढायचे हे मराठीत सांगायला पाच मिनिटे नाहीत?

आपले कार्यकर्ते पेशंटसोबत दवाखान्यात जातात, खाट मिळवून देतात, बिल कमी करून घेतात. आता सहीपूर्वी त्यांनी पेशंटलाच बोलते करावे: नेमके काय करणार? दुसरा उपाय आहे का? थांबलो तर काय होईल? डॉक्टर चिडले तर चिडू द्यावे. कोऱ्या जागेच्या कागदावर सही करू नये. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे द्यावी लागतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.