मूळ रूपाचा हव्यास

जीर्णोद्धाराच्या आपल्याकडच्या भाषेत सध्या ‘मूळ रूप’ या शब्दाला फार भाव आला आहे. जुन्या दगडी देवळावरचा रंग खरवडला, खालचा काळा पाषाण उघडा पडला, की मंदिराला मूळ रूप प्राप्त झाले असे जाहीर करायचे आणि फोटो काढायचे. काही वर्षांपूर्वी अशाच देवळांना गुलाबी आणि पोपटी ऑइल पेंट फासून ‘सुशोभीकरण’ झाल्याचे जाहीर होत असे. रंग फासणारा आणि रंग खरवडणारा परस्परविरोधी बाजूंना उभे आहेत असे वरवर दिसते. प्रत्यक्षात दोघांची वृत्ती एकच आहे. आपल्या आधी येथे कोणी काय केले आणि का केले, याची चौकशी दोघेही करीत नाहीत.

ऑइल पेंटची बाजू घेण्याचा हेतू अर्थातच नाही. आपला बेसाल्ट कितीही कठीण असला तरी भिंत पायातून आणि सांध्यांतून ओल ओढते व ती बाहेर टाकते. तिच्यावर अस्तर आणि ऑइल पेंट यांची कातडी बसवली की ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाखाली साचून स्फटिक होतात आणि रंगाबरोबर दगडाची पापुद्रीही सुटते. तेव्हा हा रंग काढायला हवा, यात वाद नाही. वाद आहे तो कसा काढायचा आणि कोठे थांबायचे याबद्दल.

आज काढणे म्हणजे बहुधा वाळूचा मारा, ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा कॉस्टिक सोडा. वाळूच्या माऱ्याने रंग जातो, त्याबरोबर टाकीचे घाव जातात, मूर्तीच्या बोटांची पेरे आणि दागिन्यांच्या कडा बोथट होतात. दगडाची मुरलेली त्वचा गेल्याने उघडा पडलेला भाग पाणी अधिक पितो आणि शेवाळ लवकर धरतो. सोडा नीट धुतला गेला नाही, तर त्याचे क्षार दगडाच्या छिद्रांत राहून पुढची कित्येक वर्षे काम करीत राहतात. सावकाशीचे मार्ग आहेत : आधी कोपऱ्यातल्या वीतभर जागेवर चाचणी घ्यायची, रंग मऊ करणारा लगदा लावून ठेवायचा, लाकडाच्या किंवा बांबूच्या पातीने एकेक थर उचलायचा. पण हे मार्ग महिने खातात, आणि उद्‌घाटनाची तारीख आधीच ठरलेली असते.

हा दोष केवळ आपल्या गावकीचा नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली पार्थेनॉनची शिल्पे तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमने घासण्यात आली. ग्रीक शिल्प म्हणजे शुभ्र संगमरवर, ही त्या काळच्या रसिकांची समजूत होती आणि नव्या दालनाचा खर्च देणाऱ्या लॉर्ड डुवीन यांना शिल्पे पांढरी हवी होती. प्रत्यक्षात ग्रीकांनी आपली शिल्पे रंगवलेली होती. म्हणजे मूळ रूपाच्या नावाखाली जे गाठले गेले ते मूळ नव्हतेच. ती विसाव्या शतकातली आवड होती. संग्रहालयाला १९९९ साली या प्रकरणावर परिषद भरवावी लागली. गेलेला पृष्ठभाग मात्र परत आला नाही.

आपल्याकडच्या ‘काळ्या पाषाणा’चे प्रकरण याहून वेगळे नाही. वेरूळच्या कैलास लेण्याला ‘रंगमहाल’ म्हणत, कारण त्यावर गिलावा होता आणि रंग होता. त्याचे अवशेष आजही तेथे दिसतात. धाराशिव जिल्ह्यातल्याच तेरचे त्रिविक्रम मंदिर घ्या. ते विटांचे आहे. अशा इमारतीवरचा चुन्याचा गिलावा हे तिचे चिलखत असते. तो नंतरचा थर म्हणून उतरवणाऱ्याला मूळ रूप मिळेल खरे, पण काही पावसाळ्यांनी मूळच उरणार नाही.

चुना हा थरही आहे आणि औषधही, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नव्हते. याच जिल्ह्यात, कळंब तालुक्यात, येरमाळा आहे. तेथे येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते आणि वाटेतल्या चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात. या खड्यांच्या चुन्याने देवळाला सफेदी द्यायची, अशी ही परंपरा सांगितली जाते. या विधीकडे केवळ श्रद्धेचा भाग म्हणून पाहणे म्हणजे त्यातले शहाणपण न वाचणे. चुनखडी भाजून, विरवून केलेला चुना भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. तो ओल अडवीत नाही, आत-बाहेर जाऊ देतो. स्वतः झिजतो, भिंत झिजू देत नाही, आणि झिजला की पुन्हा देता येतो. दरवर्षी लोकांच्या हातांनी रानातून उचलला जाणारा थर आणि डब्यातून एकदाच ओतला जाणारा थर यांना ‘रंग’ हा एकच शब्द लावणे, ही भाषेची दरिद्रता आहे. जो माणूस चुना आणि ऑइल पेंट दोन्ही एकाच ग्राइंडरने काढतो, त्याला येरमाळ्याच्या यात्रेत खडा वेचणाऱ्या म्हाताऱ्या बाईइतकेही वास्तुशास्त्र कळलेले नाही.

सर्वच थर पवित्र मानून हात जोडून बसावे, असाही याचा अर्थ नाही. वणीच्या सप्तशृंगी देवीचे उदाहरण समोर आहे. २०२२ साली दर्शन काही आठवडे बंद ठेवून मूर्तीवरचे शेंदराचे कवच उतरवण्यात आले. ते हजार किलोंहून अधिक होते. कवच ठेवणे हेच मूर्तीला धोक्याचे झाले होते, त्यामुळे ते उतरवणे योग्यच होते. पण बातम्यांनी त्याचेही ‘मूळ रूप प्रकटले’ असे एका ओळीत उरकले. पिढ्यान्‌पिढ्यांनी ज्या रूपाला नमस्कार केला ते शेंदरी रूप मग काय खोटे होते? खालचे रूप जुने आहे, वरचे नंतरचे आहे; दोन्ही इतिहासातली आहेत. एक उतरवावे लागले, तर त्याची नोंद राखून उतरवावे, एवढाच विवेक अपेक्षित आहे.

मराठीच्या वर्गात हा विवेक आपण रोज शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली आणि तिच्या अस्सलपणावर वाद झाला. तो वाद होऊ शकला, कारण दोन्ही पाठ डोळ्यांपुढे होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो ओळी संहितेबाहेर काढल्या, पण एकही ओळ फेकली नाही. प्रत्येक प्रक्षेप तळटिपेत किंवा परिशिष्टात, कोणत्या पोथीत आढळतो या तपशिलासह, आजही वाचता येतो. उद्या एखाद्याला संपादकांचा निर्णय चुकला असे वाटले, तर त्याला पुरावा त्याच पानावर मिळतो. पाठचिकित्सा आणि खरवड यांतला फरक हाच आहे. खरवडणारा आपल्या निर्णयाविरुद्धचा पुरावाच भुकटी करून झाडून टाकतो.

तेव्हा मागणी साधी आहे. सार्वजनिक न्यासाच्या कायद्याने देवस्थानांना रुपयाचा हिशेब ठेवावा लागतो, त्याचे लेखापरीक्षण होते. थरांचा हिशेब का नको? रंग काढण्याआधीची छायाचित्रे, प्रत्येक थराचा चिमूटभर नमुना, कोणी कशाने आणि कोणत्या तारखेला काढला याची वही, आणि कोठेतरी हातभर जागा सर्व थरांसह तशीच राखलेली. संरक्षित स्मारकांसाठी पुरातत्त्व खाते आहे. ज्यांना तो दर्जा नाही त्या शेकडो गावदेवळांसाठी ही वही गावातल्या महाविद्यालयाने ठेवायला काय हरकत आहे? इतिहासाचे आणि मराठीचे विद्यार्थी प्रकल्पांसाठी विषय शोधत असतात. त्यांनी पोथीची पाने मोजावीत तसे भिंतीचे थर मोजावेत. आणि पुढचे कंत्राट निघण्यापूर्वी विश्वस्तांना विचारावे, की तुम्ही काढताय तो थर कोणता, आणि त्याच्याखाली काय आहे हे तुम्हांला कसे कळले?