बोटीवरून बोटीचा फोटो

लेकाने नवा मोबाईल घेतला आणि आम्ही मायलेक गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो. बॅलार्ड पिअरला लागलेल्या पर्यटकांच्या पांढऱ्या बोटीचा फोटो त्याला हवा होता. पहिले सगळे हलले! कठड्याला कोपर टेकवलं की इंजिनाची थरथर थेट मोबाईलमध्ये उतरते. भगिनींनो, कठडा सोडा, पाय फाकून उभ्या राहा, कोपरं अंगाशी धरा. काचेवर खारं पाणी उडतंच. मऊ कापड जवळ असू द्या, पदराने पुसू नका.

सकाळी निघालात तर मागे वळून पाहा. गेटवेचं तोंड पूर्वेला. कोवळं ऊन सरळ कमानीवर पडतं. दुपारी परतताना तीच कमान काळवंडते. नौदलाच्या बोटी, त्यांची गोदी दिसली की मात्र मोबाईल पर्समध्ये. तिथे मनाई आहे.

आणि नुसती बोट टिपलीत तर ती खेळण्यातली वाटते. शेजारून होडी जाईपर्यंत थांबा. माणूस दिसला की बोटीची उंची कळते.

माझे वडील इंदिरा गोदीत हमाल होते. १९१४ची ती गोदी, आधीचं नाव अलेक्झांड्रा. जन्मभर त्यांनी बोटी भरल्या नि उतरवल्या, पण बोटीशेजारचा त्यांचा एकही फोटो घरात नाही. लेकाला हे मी कधी बोलले नव्हते.

त्याचा शेवटचा फोटो लाँचवरच्या खलाशाचा. हातात दोर, मागे ती पांढरी बोट.

"काका, नंबर सांगा. पाठवतो," तो म्हणाला.