आधी आराखड्यातील भांडण मिटवा, मग पाया खणा

लातूर आणि नांदेड परिसरात रेल्वे, द्रुतगती मार्ग आणि कारखाना अशी मोठी कामे हाती घेतली गेली आहेत. अशा कामांत पैसा आणि वेळ वाया जातो तो बहुधा खात्याखात्यांतील विसंवादामुळे. संगणकावर संपूर्ण बांधकाम आधीच उभे करून हा विसंवाद कमी करता येतो, हे नागपूर मेट्रोने दाखविले आहे. मराठवाड्याने त्यातून काय घ्यावे?

मराठवाड्यातील शहरांत राहणाऱ्या कोणालाही एक दृश्य नवे नाही. रस्त्याचे काँक्रिटीकरण होते, नागरिक सुटकेचा श्वास सोडतात आणि काही महिन्यांतच जलवाहिनीसाठी किंवा केबलसाठी तोच रस्ता पुन्हा फोडला जातो. रस्ता एका यंत्रणेचा, पाणी दुसरीचे, वीज तिसरीची. प्रत्येकीचा नकाशा तिच्या दृष्टीने अचूक असतो. परंतु हे सारे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. त्याची किंमत अखेर करदाता मोजतो.

इमारतींच्या बाबतीत हाच प्रकार छताआड घडतो. एखाद्या मोठ्या रुग्णालयाचे उदाहरण घ्या. वास्तुविशारद खोल्यांची रचना ठरवितो, संरचना अभियंता खांब व तुळया ठरवितो. वातानुकूलनाचे डक्ट, प्राणवायूची नळी, सांडपाण्याचे पाइप आणि विजेच्या तारा यांचे आराखडे आणखी निराळ्या हातांनी काढले जातात. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यातही स्थापत्य आणि विद्युत हे विभाग स्वतंत्र आहेत. कागदावर सारे सुरळीत दिसते. प्रत्यक्ष जागेवर मात्र डक्ट नेमका तुळईला आडवा येतो. मग कोठे छत खाली आणले जाते, कोठे काँक्रीटला भोक पाडले जाते आणि अंदाजपत्रकात 'वाढीव काम' नावाची नवी ओळ येते.

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजेच 'बीआयएम', या पद्धतीचा जन्म याच दुखण्यातून झाला. संगणकावर नकाशा काढणे आपल्याकडे ऑटोकॅडमुळे जुने झाले. त्या नकाशातील रेष ही केवळ रेष असते. बीआयएममधील भिंतीला मात्र आपण भिंत असल्याची 'जाणीव' असते: तिची जाडी, साहित्य, वजन आणि दर तिच्यासोबत नोंदलेले असतात. सर्व शाखांची प्रतिमाने एकत्र आणली, की कोणता पाइप कोणत्या तुळईला छेदतो हे पडद्यावरच कळते. या त्रिमितीय प्रतिमानाला कामाचे वेळापत्रक जोडले, की काळ ही चौथी मिती मिळते. खर्च जोडला, की पाचवी.

नागपूरचा धडा

हे सारे परदेशातील कौतुक म्हणून सोडून देता येणार नाही. महाराष्ट्रातच नागपूर मेट्रोने पंचमितीय बीआयएमचा अवलंब केला. आराखडा, वेळापत्रक, खरेदी आणि देयके यांची सांगड एका संगणकीय व्यवस्थेत घालण्याचा तो प्रयत्न होता. २०१४ मध्ये मंजुरी मिळालेल्या या प्रकल्पाचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्यातील उर्वरित मार्गांचे लोकार्पण झाले.

समन्वयाची कसोटी तेथे सर्वाधिक लागली ती वर्धा मार्गावर. सुमारे ३.१४ किलोमीटर लांबीच्या दुमजली पुलावर खाली राष्ट्रीय महामार्ग, मध्ये उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, आणि हा सारा भार एकाच खांबांच्या रांगेवर. उड्डाणपूल महामार्ग प्राधिकरणाचा, मेट्रो महामेट्रोची. खांब एकच असल्यामुळे दोघांना खणण्यापूर्वी एकमत करावेच लागले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अशी सक्ती नसते, हेच खरे दुखणे आहे.

काही देशांनी ही सक्ती कायद्याने वा धोरणाने आणली. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्रीय निधीतील सार्वजनिक प्रकल्पांना बीआयएम बंधनकारक केले. सिंगापूरनेही मोठ्या इमारतींचे परवानगी-आराखडे या स्वरूपात मागण्यास सुरुवात केली. २०१८ मध्ये आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याचा गाभा आज्ञावलीचा नाही. कोणती माहिती कोणी, केव्हा आणि कोणाला द्यायची, याच्या शिस्तीचा तो आहे.

मराठवाड्यात निकड का?

नांदेडने समन्वयाचे आव्हान पूर्वीच अनुभवले आहे. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्यासाठी आणि जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानांतर्गत रस्ते, पूल, घाट, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण यांची कामे एकाच शहरात, एकाच मुदतीत उभी राहिली. आता व्याप त्याहून मोठा आहे. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग समृद्धी महामार्गाला जोडण्यासाठी आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. लातूरच्या रेल्वे डबे कारखान्याचे भूमिपूजन मार्च २०१८ मध्ये झाले, तर डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा बाहेर पडला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये याच कारखान्यासाठी 'वंदे भारत' शयनयान गाड्यांच्या निर्मितीचा करार झाला. एका उद्देशाने बांधलेल्या कारखान्यात दुसरे उत्पादन सुरू करायचे, तर जमिनीखाली पाया कोठे आहे आणि छताला किती भार पेलतो, याची अचूक नोंद हाताशी हवी.

दुसरे कारण भूकंपाचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे दगावली आणि ५२ गावांचे पुनर्वसन करावे लागले. भूकंपापूर्वी हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीत गणला जात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या श्रेणीत गेला. १० जुलै २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडकरांनाही जाणवला. अशा धक्क्यानंतर शाळा किंवा रुग्णालय वापरास योग्य आहे का, हे ठरविताना अभियंत्याला पहिला प्रश्न पडतो तो खांबात लोखंड किती आणि कोठे आहे, हा. मूळ नकाशा सापडला तरी प्रत्यक्ष बांधकाम त्याबरहुकूम झाले असेल, याची खात्री कोण देणार? बांधून झालेल्या इमारतीचे अद्ययावत प्रतिमान असेल, तर हा प्रश्न तासाभराचा ठरतो.

आज्ञावलीच्या मर्यादा

मात्र संगणकाकडून चमत्काराची अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. भूसंपादन रखडले तर कोणतेही प्रतिमान रूळ टाकू शकत नाही. काळ्या मातीची चाचणी नीट झाली नसेल, जुन्या जलवाहिन्यांची नोंदच नसेल, तर पडद्यावरील देखणे चित्रही खोटेच असेल. जमिनीखालची माहिती ही आपली सर्वांत मोठी उणीव आहे. खोदकामापूर्वी संबंधित यंत्रणांना कळविण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले, यावरून या उणिवेचे गांभीर्य ध्यानात यावे.

दुसरी मर्यादा निविदापद्धतीची. आजची व्यवस्था नकाशा, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेभोवती फिरते. आराखड्यावर आधीच अधिक वेळ आणि पैसा खर्च करण्याला तीत फारसे स्थान नाही. कामाला लवकर नारळ फोडण्याकडेच सर्वांचा कल असतो. त्यातच वाढीव कामातून ज्यांचे हित साधते, त्यांना चूक आधी उघड होणे कितपत रुचेल, हाही प्रश्न आहेच. म्हणून निव्वळ महागड्या आज्ञावल्या विकत घेऊन कार्यालयात ठेवल्याने काही साधणार नाही.

सुरुवात लहान असावी. ठरावीक रकमेवरील प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या निविदेत एकत्रित प्रतिमानाची अट घालावी. सर्व शाखांचा मेळ घालणारा एक अधिकारी नावानिशी जबाबदार धरावा. आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष बांधकामाशी जुळणारे प्रतिमान सुपूर्द केल्याखेरीज अंतिम देयक मंजूर होऊ नये. यासाठी मनुष्यबळ बाहेरून आणण्याची गरज नाही. विष्णुपुरीचे श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारखे शिक्षणकेंद्र येथेच आहे. मराठवाड्यातील तरुण अभियंते पुण्यात बसून परदेशांतील इमारतींची प्रतिमाने तयार करतात. त्यांच्या स्वतःच्या गावच्या रुग्णालयाला मात्र ती मिळत नाहीत.

'लातूर पॅटर्न'ने परीक्षेच्या आधी केलेली तयारी किती फळ देते, हे राज्याला शिकविले. तीच शिस्त बांधकामाला लावण्याची वेळ आली आहे. चूक पडद्यावर सापडली तर ती पुसता येते. काँक्रीटमध्ये सापडली तर ती फोडावी लागते, आणि भूकंपात सापडली तर उशीर झालेला असतो.